यंत्र केव्हा मोडीत काढावे?

दिवाळीच्या सुमारास नवी मुंबईच्या वेशीपलीकडे, पनवेल, कर्जत, पेण या तालुक्यांत, भाताची कापणी आणि झोडणी उरकत येते व खाचरांत पेंढा उरतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा आजच्या या शहराच्या जागी ९५ गावांची भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे होती. शहर वाढले, शेती मागे सरकली; पण शहराला दूध लागते तोवर कोठे तरी दुभत्या जनावरांपुढे सुका चारा पडावाच लागतो. हा चारा सुटा असेल तर ट्रक आकाराने भरतो आणि वजनाने रिकामा राहतो; भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते. म्हणूनच गवताचे व पेंढ्याचे घट्ट गठ्ठे बांधणे ही चाऱ्याच्या व्यापारातील पहिली गरज आहे. मजुरांच्या टंचाईमुळे हे काम आता हळूहळू ट्रॅक्टरमागे जोडलेल्या बेलर यंत्राकडे जात आहे.

या यंत्राचा मालक बहुधा मोठा बागाईतदार नसतो. कर्ज काढून वा अनुदान मिळवून यंत्र घेतलेला, स्वतःचे शेत आटोपल्यावर गठ्ठ्यामागे दर ठरवून इतरांची कामे करणारा असा तो लहान व्यावसायिक असतो. त्याचा हंगाम जेमतेम चार आठवड्यांचा. नेमक्या त्याच दिवसांत यंत्र मोडते. सुटा भाग मिळत नाही, कारागीर दुसऱ्या गावी गुंतलेला असतो, शेतकरी ताटकळत असतो आणि आभाळ भरून आलेले असते. अशा वेळी मालकापुढे प्रश्न उभा राहतो : आणखी एकदा दुरुस्त करावे, की हे धूड विकून नवे घ्यावे? ज्या क्षणी हा प्रश्न विचारला जातो तो क्षण त्याचे उत्तर देण्यास सर्वांत नालायक असतो, ही या विषयातील खरी अडचण आहे. अडला हरी ज्या अटी मान्य करतो त्या अटींवरच मग दुरुस्ती होते किंवा खरेदी होते.

वरवर पाहता हा एका यंत्राचा आणि एका मालकाचा प्रश्न दिसतो. वस्तुतः भांडवल कसे वापरावे आणि कसे राखावे, या विषयीच्या आपल्या सामाजिक सवयींचा तो प्रश्न आहे.

कोयत्यापासून बेलरपर्यंत

ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील, गवताचा धंदा जुना आहे. मुंबईतील तबेल्यांना लागणारे गवत डहाणू, पालघर, वाडा या भागांतील कुरणांतून येत असे. या धंद्याचा सारा भार आदिवासी मजुरांच्या पाठीवर होता. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्यातील एक प्रमुख मागणी ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी मिळावी, ही होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्या काळी या धंद्यातील सर्वांत स्वस्त यंत्र माणूस हेच होते, आणि त्याच्या झिजेची भरपाई कोणाच्याही हिशेबवहीत लिहिलेली नव्हती.

माणसाच्या हातचे कष्टाचे काम यंत्राकडे जावे, यात दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र एक फरक लक्षात घेतला पाहिजे. कोयता बोथट झाला तर गावचा लोहार त्याला धार लावून देई. लाकडी चौकटीचा साधा दाबसाचा मोडला तर सुतार तो सांधून देई. अवजार आणि त्याची दुरुस्ती ही एकाच गावात नांदत होती. बेलरचे तसे नाही. यंत्र गावात आले. दुरुस्तीचे ज्ञान आणि सुटे भाग मात्र शहरातच राहिले.

गाठ मारणे ही क्रिया माणसाच्या बोटांना सोपी आणि लोखंडाला फार अवघड. जॉन ॲपलबी या अमेरिकन संशोधकाने १८७८ च्या सुमारास धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी सुतळीला आपोआप गाठ मारणारी योजना सिद्ध केली. चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या आजच्या यंत्रांतील ‘नॉटर’ त्याच तत्त्वावर चालतो. पुढे १९४० च्या सुमारास न्यू हॉलंड कंपनीने पेनसिल्व्हेनियातील एडविन नोल्ट याच्या रचनेवरून, शेतातून चालता चालता गवत उचलून स्वतःच गाठ मारणारा बेलर बाजारात आणला. दात्यांनी गवत उचलायचे, दट्ट्याने ते दाबायचे, सुयांनी सुतळी वर न्यायची आणि नॉटरने गाठ मारून ती कापायची, हा सारा खेळ क्षणार्धाच्या ताळमेळावर चालतो. त्या साखळीतील एक दुवा अल्पसा जरी सरकला तरी गाठ सुटते आणि मागे गठ्ठ्याऐवजी गवताचा ढीग पडतो.

मोडण्याची कारणे

यंत्र मोडले की मालक नशिबाला वा कंपनीला दोष देतो. पण बहुतेक मोडतोडीला इतिहास असतो. नॉटरमध्ये साचलेला भुसा वेळच्या वेळी काढलेला नसतो. सुतळी हलकी व गाठाळ घेतलेली असते. बेअरिंगला ग्रीस मिळालेले नसते. गवत पुरते वाळण्यापूर्वीच घाईने गठ्ठे बांधले जातात. साधारण १५ ते २० टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले गवत दाबले तर यंत्रावर ताण येतोच, शिवाय गठ्ठ्याला बुरशी धरते, तो आतून तापतो आणि प्रसंगी पेटतोही.

शिअर बोल्टचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. यंत्रात दगड वा ओंडका अडकला तर मुख्य भाग वाचावेत म्हणून हा एक स्वस्त बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. त्याने तुटावे, हेच त्याचे काम. तो वरचेवर तुटू लागला की वैतागलेला चालक त्याच्या जागी पोलादाचा कडक बोल्ट ठोकतो. घरातील फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार गुंडाळण्याचाच हा प्रकार. त्यानंतर बोल्ट तुटत नाही, दातेचक्र तुटते. शंभर रुपयांचा इशारा नाकारल्याची किंमत मग हजारांत मोजावी लागते.

कोकणात याला हवामानाची जोड मिळते. येथे यंत्र वर्षातून एखादा महिना चालते आणि उरलेले महिने उभे असते. खाडीची खारी हवा, धो धो पावसाळा आणि यंत्राच्या पोटात राहिलेला, ओलावा शोषून घेणारा भुसा यांमुळे ते चालून झिजते त्याहून अधिक बसून गंजते. हंगाम संपताच आतील भुसा काढणे, उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवणे आणि यंत्र छपराखाली ठेवणे या तीन गोष्टींना एक दिवसही लागत नाही. पण त्या दिवसाचे भाडे मिळत नसल्यामुळे तो दिवस कोणी काढीत नाही.

दोन सवयी, दोन चुका

यंत्र बदलण्याच्या प्रश्नावर समाजात दोन टोकाच्या प्रवृत्ती आढळतात. पहिली काटकसरीची. ‘आता एवढा खर्च केलाच आहे, आणखी थोडा करू’ असे म्हणत ती जुन्या यंत्राला ठिगळे लावीत राहते. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच ही चूक दाखवून दिलेली असते. गेल्या वर्षी दुरुस्तीवर घातलेले ४० हजार हा बुडीत खर्च होय. यंत्र ठेवले तरी ते परत येत नाहीत आणि विकले तरी येत नाहीत. निर्णय घेताना विचार पुढच्या खर्चाचाच करावयाचा असतो. दुसरी प्रवृत्ती हौसेची. नव्या यंत्राची चकाकी, शेजाऱ्याशी स्पर्धा आणि विक्रेत्याचे गोड बोलणे यांच्या भरात ती चांगले चालते यंत्र काढून टाकते. पहिल्या प्रवृत्तीला आपण साधेपणा म्हणतो, दुसरीला प्रगती. दोहोंच्या मुळाशी हिशेबाचा अभाव आहे.

यंत्र बदलण्याचे शास्त्र नवे नाही. हॅरल्ड हॉटेलिंग याने १९२५ साली घसाऱ्याची गणिती मीमांसा केली. जॉर्ज टरबर्ग याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात जुन्या यंत्राला ‘बचाव करणारा’ आणि नव्याला ‘आव्हान देणारा’ अशी नावे देऊन हा प्रश्न कुस्तीच्या आखाड्यात आणला. त्यांचे तत्त्व साध्या शब्दांत असे : जुने यंत्र आणखी एक वर्ष ठेवण्याचा खर्च हा नव्या यंत्राच्या सरासरी वार्षिक खर्चाहून अधिक होऊ लागला की जुन्याने आखाडा सोडावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, नव्या यंत्राची किंमत ३ लाख ६० हजार रुपये आहे. त्याची बाजारातील किंमत पहिल्या वर्षी ८० हजारांनी उतरते. पुढील वर्षांत ही घट अनुक्रमे ५०, ४०, ३०, २५, २० आणि १५ हजार होते. दुरुस्तीचा खर्च उलट चढत जातो : पहिल्या वर्षी १० हजार, मग १५, २२, ३२, ४५, ६० आणि सातव्या वर्षी ८० हजार. व्याज तूर्त बाजूला ठेवले तर दोन्ही मिळून यंत्राचा खर्च पहिल्या वर्षी ९० हजार, दुसऱ्या वर्षी ६५, तिसऱ्या व चौथ्या वर्षी प्रत्येकी ६२, पाचव्या वर्षी ७०, सहाव्या वर्षी ८० आणि सातव्या वर्षी ९५ हजार होतो. वार्षिक सरासरी चार वर्षे वापरल्यास ६९,७५० रुपये, पाच वर्षे वापरल्यास ६९,८००, सहा वर्षे वापरल्यास ७१,५०० आणि सात वर्षे वापरल्यास सुमारे ७४,९०० रुपये पडते. सहाव्या वर्षाचा ८० हजारांचा खर्च सरासरीपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. अर्थात फार तर पाचव्या वर्षाअखेर यंत्र बदलावे, असे हे गणित सांगते.

परंतु या आकड्यांतून याहून महत्त्वाची एक गोष्ट निघते. चौथ्या आणि सहाव्या वर्षाच्या सरासरीत अंतर केवळ पावणेदोन हजारांचे आहे. सरासरीच्या आलेखाचा तळ बशीसारखा सपाट आहे. वर्षभर आधी बदलले काय आणि वर्षभर नंतर बदलले काय, फारसे बिघडत नाही. मग बिघडते कशाने? बिघडते ते हंगामात बंद पडण्याने. समजा, यंत्र दिवसाला ४०० गठ्ठे बांधते आणि डिझेल, सुतळी व मजुरी वजा जाता गठ्ठ्यामागे १२ रुपये उरतात. तर एका दिवसाचा खोळंबा ४,८०० रुपयांचा आणि चार दिवसांचा १९,२०० रुपयांचा होतो. निर्णयाचे वर्ष चुकण्यापेक्षा निर्णयाचा दिवस चुकणे कितीतरी महाग पडते. हा तोटा कोणत्याही पावतीवर येत नाही, म्हणून वहीतही येत नाही. जुने यंत्र स्वस्त वाटते ते याच कारणाने.

शिवाय खोळंब्याचा सारा तोटा मालकाच्या पदरी पडत नाही. २०१९ सालच्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ चक्रीवादळाच्या सुमारास झालेल्या पावसाने कोकणातील कापणीचे भात भिजून गेले होते. अशा वर्षी कोरडे दिवस मोजकेच मिळतात. त्या दिवसांत बंद पडलेले यंत्र म्हणजे शेतकऱ्याच्या पेंढ्याला लागलेली कूज आणि पुढे उन्हाळ्यात गोठ्यात पडलेली टंचाई. यंत्र एकाचे असते. त्याच्या मोडण्याचा खर्च मात्र अनेकांत वाटला जातो.

बारा रुपयांतले सात

वरील उदाहरणातील मालक २५ दिवसांच्या हंगामात १० हजार गठ्ठे बांधतो, असे धरू. गठ्ठ्यामागे १२ रुपये उरतात म्हणून वर्षाची कमाई १ लाख २० हजार, असे तो समजतो आणि ती घरखर्चात, लग्नकार्यात, मुलांच्या फीमध्ये खर्च करतो. पण पाच वर्षांनी यंत्र विकून १ लाख ३५ हजार येतील आणि नवे ३ लाख ६० हजारांना घ्यावे लागेल. मधली २ लाख २५ हजारांची खिंड भरण्यासाठी वर्षाला ४५ हजार, म्हणजे गठ्ठ्यामागे साडेचार रुपये बाजूला पडले पाहिजेत. दुरुस्तीची सरासरी गठ्ठ्यामागे जवळजवळ अडीच रुपये. म्हणजे त्या १२ रुपयांतले ७ रुपये त्याचे नव्हेतच. ते यंत्राचे आहेत. त्याची खरी मिळकत ५ रुपये. उरलेले ७ जो खातो तो नफा खात नसून भांडवल खातो, आणि हे त्याला कळते ते यंत्र उभे राहते त्या दिवशी.

घसारा निधी ठेवणे लहान माणसाला परवडत नाही, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरात रोजचा खर्च भागत नाही त्याला पाच वर्षांनंतरच्या यंत्रासाठी पैसे राखण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु निधी न ठेवल्याने तो खर्च टळत नाही. तो व्याजासह येतो. ऐन हंगामात सावकाराकडून काढलेली रक्कम, घाईत घेतलेला निकृष्ट सुटा भाग आणि हातची गेलेली गिऱ्हाइके या रूपांनी तो वसूल होतोच. गठ्ठ्यामागचे साडेचार रुपये जड वाटत असतील तर दर फार कमी आहे किंवा यंत्राला काम पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ होतो. याच यंत्राला १० हजारांऐवजी ५ हजार गठ्ठ्यांचेच काम मिळाले आणि किंमत तशीच उतरत राहिली तर घसाऱ्याचा भार गठ्ठ्यामागे ९ रुपये होईल. अशा मालकाने नव्या यंत्राचा नव्हे, तर भाड्याच्या किंवा भागीदारीच्या यंत्राचा विचार करणे शहाणपणाचे.

धोरणाची एकांगी दृष्टी

सरकारी धोरणाने या सवयी सुधारण्याऐवजी पोसल्या आहेत. कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्रीय उपअभियान २०१४-१५ पासून चालू झाले. त्यात शेतकऱ्याच्या वर्गवारीनुसार यंत्राच्या किमतीवर साधारण ४० ते ५० टक्के अनुदान मिळते. पेंढा जाळण्याला आळा बसावा म्हणून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीसाठी २०१८-१९ पासून निराळी योजना आली आणि तिने बेलरला चालना दिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बेलरसह कापणी-मळणीच्या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या साऱ्या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा रोख खरेदीवर आहे. अनुदान नव्या यंत्राच्या पावतीवर मिळते. नॉटर दुरुस्त केल्याच्या पावतीवर मिळत नाही. नव्या यंत्राचे फीत कापून उद्घाटन होते. ग्रीस भरण्याचा समारंभ कोणी करीत नाही.

याचे परिणाम अर्थशास्त्राला अपेक्षित असेच होतात. निम्म्या किमतीत नवे मिळण्याची आशा असेल तर जुन्याची निगा राखण्यात कोणास स्वारस्य राहणार? आणि ते अनुदान सोडतीवर अवलंबून असेल तर यंत्र बदलण्याचा दिवस हिशेब ठरवीत नाही, सोडत ठरवते. नंबर लागला तर चांगले यंत्रही बदलले जाते. नाही लागला तर मोडकेही ओढले जाते. नव्याची किंमत कमी झाली की जुन्याची बाजारातील किंमतही त्याच प्रमाणात खाली येते आणि ज्याने स्वतःच्या पैशाने यंत्र जपले त्याचेच नुकसान होते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे वयाचा नियम. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी व सार्वजनिक परिवहन उपक्रमांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणण्याचा नियम केंद्राने केला. वाहनांच्या बाबतीत धूर आणि अपघात यांचा धोका मालकाच्या वहीत न येता समाजावर पडतो, म्हणून असा नियम समर्थनीय ठरतो. परंतु तोच नियम सर्व यंत्रांना लावण्याचा मोह टाळला पाहिजे. आठ वर्षांत २० हजार गठ्ठे बांधलेला बेलर आणि तीन वर्षांत ६० हजार गठ्ठे बांधलेला बेलर यांत म्हातारा कोणता, हे जन्मतारीख सांगू शकत नाही; गठ्ठे मोजणारा काटा सांगतो.

गिरण्यांचा धडा

घसारा खाऊन टाकण्याचे परिणाम काय होतात हे पाहण्यासाठी मुंबईकरास दूर जावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाच्या यशापयशाची चर्चा अजूनही होते. पण संपाच्या कितीतरी आधीपासून अनेक गिरण्यांतील माग आणि चात्या जुन्या झाल्या होत्या. चांगल्या वर्षांतला पैसा यंत्रांत परत न घालता इतरत्र वळवला गेला होता. १९८६ साली ७५० कोटी रुपयांचा आधुनिकीकरण निधी उभारण्यात आला तेव्हा अनेक गिरण्यांची वेळ निघून गेली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली. यंत्रांपेक्षा यंत्रांखालची जमीन मोलाची ठरली. बेलरच्या मालकाकडे अशी जमीन नसते. त्याचे यंत्र मोडीत गेले की त्याच्याबरोबर त्याचा व्यवसायही मोडीत जातो.

करण्याजोगे

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. पहिला उपाय वहीचा. प्रत्येक यंत्राबरोबर एक नोंदवही असावी. गठ्ठे किती बांधले, कोणता भाग केव्हा बदलला, खर्च किती झाला आणि यंत्र किती दिवस बंद राहिले, एवढ्या चार रकान्यांवर निर्णय उभा राहतो. बँकेने कर्ज देताना आणि शासनाने अनुदान देताना हीच वही पाहावी. दुसरा उपाय वेळापत्रकाचा. ‘ठेवावे की विकावे’ हा प्रश्न दरवर्षी हंगाम संपल्यावर, खिशात पैसे असताना विचारला जावा; आणि यंत्राची तपासणी सप्टेंबरात, गवत उभे असतानाच व्हावी. नॉटरचे झिजणारे भाग, दाते, बेअरिंग आणि शिअर बोल्ट घरात आधीच आणून ठेवावेत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची परंपरा निदान चार आठवड्यांच्या हंगामात तरी परवडणारी नाही.

तिसरा उपाय धोरणाचा. खरेदीच्या अनुदानातील काही हिस्सा मागे ठेवून तो पुढील तीन-चार वर्षांत निगा राखल्याची नोंद पाहून द्यावा. जेथे अवजारे भाड्याने देणारी केंद्रे वा शेतकरी गट यंत्राचे मालक आहेत तेथे घसारा निधीचे वेगळे खाते सक्तीचे असावे. कारण जे सर्वांचे असते त्याची निगा कोणीच घेत नाही, हा सामायिक मालमत्तेचा नेहमीचा अनुभव आहे.

चौथा उपाय नवी मुंबईला विशेष लागू आहे. तुर्भे, रबाळे, महापे येथील औद्योगिक पट्ट्यात लेथ आणि वेल्डिंगची कामे करणारे लहान कारखाने आहेत; कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार आहे; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत कृषी यंत्रांच्या दुरुस्तीचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तासाभराच्या अंतरावर भातखाचरे आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र आहे. या साऱ्यांना जोडणारा धागा तेवढा नाही. हंगामाच्या महिनाभरात फिरते दुरुस्ती पथक, नेहमी मोडणाऱ्या भागांचा साठा आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन एवढे जरी एकत्र आले तरी यंत्र गावात आणि कारागीर शहरात ही आजची ताटातूट कमी होईल. शहराने या गावांची जमीन घेतली. त्या गावांच्या शेजाऱ्यांना आपले कौशल्य देणे ही दानाची गोष्ट नव्हे. दूध आणि चारा ज्या साखळीतून शहरात येतात ती साखळी राखण्याचीच ती गोष्ट आहे.

दुरुस्ती करणारा समाज मागासलेला आणि बदलणारा समाज पुढारलेला, हा समज सोडून दिला पाहिजे. ठिगळ लावण्याचे आपले कौशल्य ही संपत्ती आहे. ते कोठे थांबवायचे हे न कळणे ही उणीव आहे. यंत्र कधी तरी मोडणार, हे घेतल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याची वर्गणी चांगल्या दिवसांत भरली असेल तर ते कधी विकायचे हे मालक ठरवतो. भरली नसेल तर तो निर्णय पेंढ्याने भरलेल्या शेतात, भर दुपारी, मोडलेले यंत्रच घेते; आणि त्याची किंमत मालक, शेतकरी आणि गोठ्यातील जनावर या तिघांना मिळून द्यावी लागते.